नागरिकत्वाचा उतारा कोणाकडे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की तहसील कचेरीतल्या सेतू केंद्रासमोर रांगा लागतात. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, विजेचे बिल, स्वयंघोषणापत्र अशी चळत जोडून जो कागद मिळवायचा, तो बोलीत नुसता ‘डोमिसाईल’ असतो. त्याचे पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’ असे आहे. प्रवेशाच्या धांदलीत या नावातला मधला शब्द कोणी वाचत नाही. वाचला तर विचारावे लागेल, की हे राष्ट्रीयत्व ठरवले कोणी आणि कशाच्या आधारावर? १९५५चा नागरिकत्व कायदा पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत चाळला तरी त्यात तहसीलदार सापडत नाही. तरीही महाराष्ट्रातल्या असंख्य मुलांकडे ‘हा भारतीय आहे’ असे सांगणारा सरकारी कागद आहे तो एवढाच. उरलेल्यांकडे तोही नाही.

आधारची गत वेगळी नाही. आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नव्हे, असे २०१६च्या आधार कायद्याचे नववे कलमच सांगते. अर्जापूर्वीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या कोणालाही तो मिळू शकतो. पॅन प्राप्तिकरासाठी, रेशनकार्ड धान्यासाठी. त्यातल्या त्यात भक्कम म्हणावा तो पासपोर्ट; पण १९६७च्या पासपोर्ट कायद्याचे विसावे कलम लोकहितासाठी परदेशी व्यक्तीलाही पासपोर्ट देण्याची मुभा केंद्र सरकारला देते. ठाण्यात दहा वर्षांहून अधिक काळ राहणाऱ्या आणि बांगलादेशी असल्याचा आरोप असलेल्या एका माणसाचा जामीन मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये नाकारला. आधार, पॅन वा मतदार ओळखपत्र जवळ असले म्हणून कोणी भारताचा नागरिक होत नाही, असे न्यायालयाने त्या वेळी म्हटले. कायदा म्हणून यात खोट काढता येणार नाही. पण मग नागरिक होतो तो कशाने, आणि झालेला आहे हे दाखवायचे कशाने? याचे उत्तर नव्वद टक्के वाचकांना देता येणार नाही, आणि तो त्यांचा दोष नाही.

शेतकऱ्याला या कोड्याचे नवल वाटू नये. सातबारा हा मालकीचा निर्णायक पुरावा नाही, हे न्यायालयांनी किती वेळा सांगितले याची गणती नाही. तरी १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५७व्या कलमाने त्या कागदाला पाठबळ दिले आहे. अधिकार अभिलेखातली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानायची, हे ते कलम. उद्या कोणी बांधावर उभा राहून ‘ही जमीन तुझी नाही’ म्हणाला तर सिद्ध करायचे त्याने. नागरिकत्वाला असा उताराही नाही आणि असे गृहीतकही नाही. उलट, परदेशी नागरिकांविषयीच्या १९४६च्या कायद्याने आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर संशय त्याच्याच डोक्यावर ठेवला होता. तो कायदा रद्द करून १ सप्टेंबर २०२५पासून नवा आला, त्यानेही तो भार तिथेच राहू दिला. गुंठाभर जमिनीला जे संरक्षण आहे, ते त्या जमिनीवर राबणाऱ्याला नाही.

गोंधळाला आपली भाषाही थोडी कारण आहे. ‘राज्य’ म्हणजे महाराष्ट्र आणि राज्य म्हणजे सार्वभौम सत्ताही. आपल्या राज्याच्या नावातच ‘राष्ट्र’. राष्ट्रीयत्व आणि नागरिकत्व तर आपण एकाच अर्थाने वापरतो. कायद्यात ही नाणी वेगवेगळी आहेत. सार्वभौम राज्य कशाला म्हणायचे, याची कसोटी १९३३च्या मोंतेविदेओ करारात आहे: कायम लोकवस्ती, ठरलेला भूभाग, सरकार आणि इतर राज्यांशी व्यवहार करण्याची क्षमता. राष्ट्रीयत्व म्हणजे जगाच्या नजरेत तुम्ही कोणत्या राज्याचे. नागरिकत्व म्हणजे त्या राज्याच्या आत तुमचे हक्क कोणते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या खटल्यात हा भेद स्पष्ट केला. कंपनीला राष्ट्रीयत्व असू शकते, पण ती नागरिक नव्हे आणि म्हणून तिला १९व्या अनुच्छेदातले स्वातंत्र्य मागता येत नाही, असा तो निकाल. समता आणि जीविताचे संरक्षण घटनेने ‘व्यक्ती’ला दिले आहे. भाषण, संचार, व्यवसाय यांचे स्वातंत्र्य, सरकारी नोकरीतली समान संधी आणि मताचा अधिकार फक्त नागरिकाला. तेव्हा नागरिकत्व गेले तर काय जाते, असे विचारणाऱ्याने मागे काय उरते हे मोजावे. बाकी शून्याच्या जवळपास येते.

हे अवघड आहे हे घटनाकारांना ठाऊक होते. नागरिकत्वाच्या कलमाने मसुदा समितीला दिली तेवढी डोकेदुखी आणखी एखाद्याच कलमाने दिली असेल, अशी कबुली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १० ऑगस्ट १९४९ रोजी घटना समितीत दिली होती. पाच ते नऊ हे अनुच्छेद प्रजासत्ताक दिनाची वाट न पाहता २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच लागू झाले. प्रजासत्ताक यायच्या आधी त्याची प्रजा कोण, हे ठरवणे भाग होते. फाळणीने घरदार सोडून आलेल्यांकडे कसले कागद असणार? म्हणून घटनेने जन्म, आईवडिलांचा जन्म आणि रहिवास एवढ्यावर भागवले आणि पुढचे संसदेवर सोडले.

राज्य, राष्ट्रीयत्व आणि नागरिकत्व या तिन्हींची गाठ एकाच माणसाच्या गळ्यात कशी बसते, हे पाहायला दूर जायला नको. गोवा आहे. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. २८ मार्च १९६२च्या आदेशाने गोमंतकीय २० डिसेंबर १९६१पासून भारताचे नागरिक ठरले. ज्यांना पूर्वीचेच राष्ट्रीयत्व ठेवायचे होते त्यांना तसे लेखी कळवायला महिन्याभराची मुदत होती. ज्यांनी तसे केले त्यांतल्या रेव्हरंड मोन्तेरो या धर्मगुरूंचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखले, परदेशी म्हणून राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवून घ्यायला नकार दिला आणि शिक्षा ओढवून घेतली. गोवा हा व्यापलेला प्रदेश आहे, सबब जिनिव्हा करारांचे संरक्षण आम्हाला आहे, हा त्यांचा युक्तिवाद. विलीनीकरणाबरोबर लष्करी ताबा संपला असे सांगून न्यायालयाने १९६९मध्ये तो फेटाळला. ज्या भूमीत आयुष्य गेले तिथेच माणूस कायद्याने परका झाला. मात्र त्याने तो पर्याय स्वतः, डोळे उघडे ठेवून निवडला होता. हा फरक पुढे महत्त्वाचा आहे.

पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४च्या अखेरच्या करारात. मधली तेरा वर्षे एकाच गोमंतकीयाला दिल्ली आपला म्हणत होती आणि लिस्बनही. लिस्बनने ते आजतागायत पुरते सोडलेले नाही. पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांनी आणि त्यांच्या वंशजांनी लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवला की पोर्तुगालच्या लेखी ते त्याचे नागरिक. युरोपची दारे उघडणारी ही वाट हजारोंनी धरली. इंग्लंडातल्या स्विंडनमध्ये त्यातूनच गोंयकारांची मोठी वस्ती उभी राहिली. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. नवव्या कलमानुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व मिळवले की भारताचे आपोआप जाते. नियम सांगतात की परदेशी पासपोर्ट घेणे हा त्याचा निर्णायक पुरावा. पण जन्म नोंदवला आणि पासपोर्ट घेतलाच नाही तर? पोर्तुगीज कायद्याच्या नजरेत ही आधीपासून असलेल्या राष्ट्रीयत्वाची निव्वळ नोंद, भारतीय कायद्याच्या नजरेत कदाचित नव्या नागरिकत्वाची प्राप्ती. एकच शिक्का, दोन अर्थ. गोव्यातल्या निवडणुकांत हे हत्यार म्हणून वापरले जाते आणि घराघरांत लोक कपाटातल्या त्या कागदाकडे पाहत जीव मुठीत धरून बसलेले असतात. गोव्याकडे निदान दुसरे दार आहे, युरोपाकडे उघडणारे. बाकीच्यांच्या घराला तेही नाही.

आता मुख्य रस्त्यावर येऊ. नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या कलमाने जन्माच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला नागरिक आहे, आईबाप कोण हे विचारायचे नाही (परदेशी वकिलाती वगैरेंचे अपवाद सोडा). १ जुलै १९८७पासून आईवडिलांपैकी एक नागरिक हवा. ३ डिसेंबर २००४पासून दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. जन्मभूमीपासून सुरू झालेला कायदा सतरा वर्षांत रक्ताच्या नात्यापाशी येऊन थांबला, आणि संसदेबाहेर त्याची फारशी वाच्यताही झाली नाही.

महाराष्ट्रात एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला असतो, हे गुपित नाही. आईला तिथी-सण आठवे, तारीख नाही. गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जून लिहून टाकली. त्या पिढीतल्या ज्याच्या दाखल्यावर १ जून १९८७ आहे, तो जन्माच्या ठिकाणावर सुटला. खरा जन्म जुलैतला निघाला तर त्याला आईवडिलांचे नागरिकत्व दाखवावे लागेल. गुरुजींच्या अंदाजावर नागरिकत्वाची कसोटी बदलते. आणि आईचे नागरिकत्व दाखवायचे म्हणजे माहेरच्या गावचा कागद काढायचा, तर माहेरचे नाव निराळे. लग्नात आडनावच काय, पहिले नावही बदलण्याची आपली रीत. दाखल्यावरची सुमन आणि मतदार यादीतली वैशाली एकच, हे कोण सांगणार? जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा, महाराष्ट्रात लागू झाला १९७०पासून. त्याआधीचे काही कोतवाल बुकात असेल तर असेल, तेही मोडीत. पानशेतच्या पुरात, किल्लारीच्या ढिगाऱ्यात, सांगली-कोल्हापूर-चिपळूणच्या पाण्यात ज्यांच्या ट्रंका गेल्या त्यांनी काय दाखवायचे? कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३पासून निजामकाळातली दप्तरे धुंडाळताना महाराष्ट्राने पाहिलेच, की आजोबा कागदावर सापडणे किती दैवाधीन आहे. तिथे पणाला आरक्षण होते. इथे आहे ते देशात असण्याचे कारण.

हे घाबरवणे आहे, असे वाटणाऱ्यांनी आसामकडे पाहावे. तिथल्या नागरिक नोंदवहीसाठी ३ कोटी ३० लाख २७ हजार ६६१ जणांनी अर्ज केले. ३१ ऑगस्ट २०१९च्या यादीतून १९ लाख ६ हजार ६५७ जण बाहेर राहिले. त्यांना नकाराचे कारण सांगणारा कागद मिळायचा होता, मग १२० दिवसांत परदेशी नागरिक न्यायाधिकरणाकडे अपील. वर्षे उलटली, तो कागदच निघाला नाही. ते नागरिक नाहीत असे कोणी ठरवलेले नाही, आहेत असेही नाही. तीस वर्षे लष्करात काढलेला एक निवृत्त अधिकारी मे २०१९मध्ये परदेशी ठरला आणि बंदी केंद्रात गेला. उच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा बाहेर आला. माजी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या भावाच्या कुटुंबातल्यांची नावे यादीत नव्हती. आणि विवाहित बायका? शाळा नाही, जन्मदाखला नाही, माहेरशी नाते सांगायला ग्रामपंचायतीचा दाखला तेवढा. गुवाहाटी उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७मध्ये तोही बाद केला. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर तो पुन्हा ग्राह्य धरला. मधल्या नऊ महिन्यांत त्या बायका कोण होत्या, हे कायद्याला विचारण्यात अर्थ नाही.

परका ठरलेल्याला धाडायचे कोठे, यालाही उत्तर नाही. बांगलादेश त्याला आपला मानत नाही. भारत मानायचा थांबलेला. शेजारच्या सिलोनने १९४८मध्ये कायदा करून चहामळ्यांतल्या भारतीय वंशाच्या तमिळांना एका फटक्यात बेवतन केले. मग १९६४ साली शास्त्री आणि सिरिमाव्हो बंदरनायके यांनी त्यांची वाटणी केली: ५ लाख २५ हजार भारताकडे, ३ लाख सिलोनकडे, आणि दीड लाखांचे नंतर पाहू. भावकीच्या वाटणीत भांडी मोजतात तशी माणसे मोजली गेली. बेवतनांविषयीच्या १९५४ आणि १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारांवर भारताने आजही सही केलेली नाही.

हे लोण आता आपल्या उंबऱ्यापर्यंत आले आहे. मुंबई परिसरात मजुरी करणारे पश्चिम बंगालचे काही रहिवासी २०२५च्या जूनमध्ये बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीय निघाले, तेव्हा दोन्हीकडच्या सीमा दलांशी बोलणी करून त्यांना परत आणावे लागले. न्यायाधीशासमोर उभे राहण्याआधीच देश बदलला होता. बिहारमध्ये मतदार यादीच्या विशेष फेरतपासणीत २००३नंतर नोंदले गेलेल्यांना जन्माचा आणि गरजेप्रमाणे आईवडिलांचा पुरावा मागितला गेला, त्या याच तीन पायऱ्या लावून. मसुदा यादीतून ६५ लाख नावे कमी झाली. त्यांत मृत आणि स्थलांतरित होतेच. पण आधार चालेल की नाही यावर सर्वोच्च न्यायालयात जावे लागले, हे विसरता येत नाही. दुसऱ्या टप्प्यात गोव्याचे नाव आले. मुंबईतल्या झोपडपट्ट्यांतल्या मतदारांना नव्वदच्या दशकात अशाच नोटिसा निघाल्या होत्या. आधीच यादीत असलेल्या माणसाची पात्रता एकदा तपासलेली आहे हे धरून चाला आणि संशयाचे कारण त्याला सांगा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये लालबाबू हुसेन प्रकरणात बजावले होते. तीस वर्षांत आपण तो निकाल पाठ करण्याऐवजी विसरलो.

राज्य सरकारने २०२५च्या सुरुवातीला उशिरा जन्मनोंदीचे दाखले देणे थांबवून विशेष तपास पथक नेमले. खोटे दाखले विकले जात असतील तर विकणाऱ्याला तुरुंगात धाडाच. बेकायदा घुसखोरी ही कविकल्पना नाही, आणि कोणत्याही राज्याला आपल्या दारात कोण येतो हे विचारण्याचा अधिकार आहे. पण उशिरा नोंद करणारा प्रत्येक जण परका नसतो, बहुतेक वेळा तो गरीब असतो. पालावर जन्मलेल्या पारधी, वडार, मसणजोगी, डोंबारी यांच्या पोरांची नोंद कोणत्या ग्रामपंचायतीने करायची, यावरच गावे भांडतात. गुन्हेगार जमाती कायदा १९५२मध्ये गेला, तरी जातीच्या दाखल्यासाठी भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१पूर्वीचा रहिवास दाखवावा लागतो. ज्यांना गावाने राहूच दिले नाही, त्यांच्याकडे राहिल्याचा पुरावा मागायचा. शिष्यवृत्ती ज्या दारावर अडते, त्याच दारावर उद्या नागरिकत्व अडेल. नागरिक नोंदणीच्या २००३च्या नियमांनुसार नोंदवहीत एखाद्याच्या नावापुढे संशयाचा शेरा मारू शकतो तो स्थानिक निबंधक. न्यायाधीश नव्हे, गावपातळीवरचा कर्मचारी, ज्याचे गावातल्या कोणाशी तरी बांधावरून भांडण असतेच.

संसदेने करायचे ते काही अवघड नाही. जमीन महसूल संहितेतले १५७वे कलम नागरिकत्व कायद्यात आणावे. शाळा, मतदार यादी, जनगणना, जन्मनोंद यांपैकी कोठेही ज्याची दीर्घकाळची नोंद आहे तो नागरिक मानावा. नाही असे म्हणणाऱ्या सरकारने ते सिद्ध करावे, लेखी कारण देऊन, न्यायालयासमोर. स्पेलिंगच्या फरकावर आणि १ जूनवर कोणाचे नागरिकत्व जाणार नाही असे कायद्यात लिहावे. निकाल लागेपर्यंत कोणालाही सीमेवर नेऊ नये. आजच्या कायद्यातले तेरावे कलम तर गमतीचे आहे: ज्याच्या नागरिकत्वाविषयी संशय आहे, त्याला सरकार, योग्य वाटल्यास, प्रमाणपत्र देऊ शकते. ज्याच्याविषयी संशय नाही, त्याला ते मिळण्याची सोय या कलमात नाही.

जन्मदाखल्याचे काम मात्र मुंबईतून होऊ शकते, त्याला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मलेल्यांसाठी जन्मतारीख आणि जन्मस्थळाचा मुख्य पुरावा जन्मदाखलाच असणार, असे केंद्राचा सुधारित कायदा सांगतो. त्या मुलांपैकी थोरली यंदा-पुढल्या वर्षी अंगणवाडीत येतील. पालावरची, ऊसतोडीच्या फडावरची, वीटभट्टीवरची किती येतील आणि किती जणांच्या हाती तो कागद असेल, हे अंगणवाडीताईच्या हजेरीपटावरून दर महिन्याला तालुक्याला कळू शकते. ग्रामसेवकाने पालावर जाऊन, आई समोर असताना, दाई साक्षीला असताना नोंद करावी. दंड आणि प्रतिज्ञापत्रांचा फेरा माफ करावा. फड उठायच्या आत, कारण तो उठला की ते मूल कोणत्या जिल्ह्याचे हे सांगायला कोणी मागे राहत नाही.